मराठी-इंग्लिश नर्सरी, नुसता खेळ, वह्या नाहीत. घालावं का?

सातवा_मजला:
लेक जूनमध्ये सव्वातीनची होईल, ठाण्यात राहतो. घराजवळ एक छोटी शाळा सापडलीये, मराठी आणि इंग्लिश दोन्ही भाषा, सगळं खेळातून. बघायला गेलो तेव्हा पोरं परातीतलं पाणी पेल्याने बाटल्यांत ओतत होती आणि एक महाशय वाळूत आडवे झाले होते. मला जाम आवडलं. पण सासूबाई म्हणतात खेळायला घरचं अंगण आहे की (कुठलं अंगण ते विचारू नका, आयडी बघा), आणि शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा ए टू झेड लिहितो. त्यात ही आत्ताच "मम्मा, पाणी स्पिल झालं, पुसून दे" असलं बोलते. दोन भाषांत गोंधळणार तर नाही ना?

खडूफळा:
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे खेळातून शिक्षण वगैरे फॉरेनचं खूळ आहे, इथे पुढे वह्याच भरायच्यात.

बालवाडीची_ताई:
खडूफळा, फॉरेनचं कसलं हो? ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, सोबत अनुताई वाघ, आणि १९५७ला ते काम कोसबाडला गेलं. आदिवासी पोरं शाळेत येईनात म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. खेळणी म्हणजे शंख-शिंपले, बिया, पानं, खडे. आणि २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरतं आणि खेळातूनच शिकवा म्हणतं.

सातवा_मजला, "स्पिल झालं" हा गोंधळ नाही. तिने इंग्लिश शब्दाला 'झालं' लावलं, म्हणजे मराठीचं व्याकरण पक्कं आहे. दोन भाषांतली पोरं अशी सरमिसळ करतात, हळूहळू कुणाशी काय बोलायचं ते त्यांना कळतं. लिहिण्याचं म्हणाल तर कणीक मळणं, मटार सोलणं, मणी ओवणं ह्यातून बोटं तयार होतात, पेन्सिल नंतर आपोआप नीट धरतात. मी १९ वर्षं हेच बघतेय.

एक मात्र बघून घ्या. काही ठिकाणी बाई प्रत्येक वाक्य दोनदा बोलतात, "सिट डाऊन, बसा बसा". मग पोरं इंग्लिश ऐकतच नाहीत, मराठीची वाट बघत बसतात. त्यापेक्षा एक ताई मराठीतच बोलतेय, दुसरी इंग्लिशमध्ये, असं असेल तर उत्तम.

नेने_नकोत:
ताईंना +१, पण आमचा अनुभव सांगते. आमच्याही शाळेच्या बोर्डावर दोन भाषा होत्या. प्रत्यक्षात गोष्ट, गाणी, चित्रं सगळं इंग्लिशमध्ये आणि मराठी फक्त शू-शी आणि डब्यापुरती, तीसुद्धा मावशींची. तीन महिन्यांत पोराला बरोब्बर कळलं कुठली भाषा टीचरची आणि कुठली फरशी पुसणाऱ्यांची. आजीला म्हणाला, "तू मावशीसारखं बोलतेस." आजी बिचारी हसली, मला रडू आलं. तेव्हा भातुकली कुठल्या भाषेत चालते, भांडण झालं की बाई कुठल्या भाषेत सोडवतात, ते बघा.

इसारकाठचा:
म्युनिकहून लिहितोय. मुलगा तीनचा असताना किटामध्ये (इथली बालवाडी) घातला, जर्मनचं एक अक्षर येत नव्हतं. पहिले चार-पाच महिने तिथे तोंडच उघडलं नाही, आमची झोप उडाली. बाई म्हणायच्या त्याला सगळं समजतंय, घाई करू नका. मग एक दिवस सायकलवरून भांडण झालं आणि साहेब थेट जर्मनमध्ये ओरडले! इथे लिहायला वाचायला शिकवतात ते साधारण सहाव्या वर्षी, पहिलीत गेल्यावर, तोवर पावसातसुद्धा बाहेर खेळायला पाठवतात. आम्ही घरी मराठीच बोललो, बाईंनीही तेच सांगितलेलं.

सातवा_मजला:
सगळ्यांना थँक्यू. आज परत जाऊन तासभर कोपऱ्यात बसले. वाक्य दोनदा बोलत नाहीत. भाजीवाली-भाजीवाली खेळ चालला होता, ताई मराठीत भाव करत होत्या, इंग्लिशची टीचर गिऱ्हाईक होऊन आली तर पोरांनी तिला टोमॅटो इंग्लिशमध्ये विकले, भाव मात्र "दहाला पावशेर"च. उद्या सासूबाईंना घेऊन जातेय, मटार सोलायच्या वेळेला.

खडूफळा:
फी किती आहे ते तरी सांगा.