खोकला नाही तरी टीबी? होतो!
ताई, तुम्ही विचारलंय की खोकला नाही, एक्स-रे क्लिअर, मग मानेतली गाठ टीबीची कशी... आमच्या इंदूरला आत्याचं अगदी हेच झालं, कानाखाली बोराएवढी गाठ, दुखत नव्हती म्हणून बाई चार महिने हळदीचा लेप लावत बसली, शेवटी सुईनं तपासली तेव्हा निघाला टीबी. संधिवातासाठी स्टेरॉइड चालू होतं ना तिला, त्यानं प्रतिकारशक्ती दबते. एचआयव्ही, डायलिसिस, अगदी तान्ही मुलं, यांच्यातही जंतू फुफ्फुसातून रक्तावाटे गाठी, मणके, मेंदूपर्यंत जातो. आणि कच्चं दूध नको हं (आमचे काका अजून धारोष्णाचं कौतुक करतात!), गुरांचा टीबी त्यातून येतो. नुसत्या गाठीचा असेल तर सहसा पसरत नाही, उगाच ताटवाटी वेगळी करू नका, आत्या त्यानंच जास्त रडली.