मदत हवी आहे: दोन काळांतली गॉथिक रहस्यकादंबरी गटाने कशी वाचावी?

नमस्कार मंडळी. पणजीत सहा वाचकांचा गट अशी गॉथिक, म्हणजे जुना वाडा, गुपितं आणि भयाचं वातावरण असलेली, कादंबरी घेतोय: एक काळ जुन्या वाड्यातला, दुसरा आजचा, आणि मधे 'मी नक्की कोणाची?' हा प्रश्न. चार बैठका ठरल्यात. अडचण थांबायचं कुठे याची.

पानांवर थांबून चालत नाही, कारण किंडल आणि छापील प्रतीचे आकडे जुळत नाहीत. म्हणून प्रकरण क्रमांक धरतोय, आणि थांबा नेहमी जुन्या काळाच्या प्रकरणानंतर. जुन्या काळातली वस्तू, म्हणजे पत्र, लॉकेट किंवा बंद खोलीची किल्ली, लगेच पुढच्या आजच्या प्रकरणात उगवते. मधे आठवडा गेला की तो दुवा ताजा राहील का? की जोडी पूर्ण करूनच थांबावं? एकच काळ सलग वाचणं मात्र नको, त्यात दुवे तुटतातच.

कादंबरीतल्या घराण्याचा वंशवृक्ष पेन्सिलनेच काढायचा. प्रत्येक नावापुढे जन्मवर्ष आणि ते सांगणारा कोण, हे हवंच. डायरीतलं वय आणि नोंदवहीतलं वय वेगळं निघालं तर रहस्य बहुधा तिथेच असतं. काळांत 80 वर्षांचं अंतर असेल तर साधारण तीन पिढ्या बसतात. दोनच दिसल्या तर कोणीतरी लपवलेलं असू शकतं.

आजीचंच नाव नातीला असेल तर वृक्षात खूण कशी करता? आणि पुढे वाचून गेलेल्यांकडून वृक्ष आधीच भरला जाऊ नये म्हणून काय करता? गोव्यातल्या 1961 पूर्वीच्या पोर्तुगीज जन्मनोंदींतली नावांची वेगळी स्पेलिंगं ज्यांनी हाताळलीत, त्यांनी तर जरूर सांगा.