बाजाररस्ता आणि बाग: दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी काय उरलं?

वस्तीतला बाजाररस्ता आणि त्याला लागून असलेली बाग सुधारायला तुमच्यापैकी कुणी हात लावला असेल, तर अनुभव लिहा. उद्घाटनाच्या दिवसाचं नको, त्यानंतरचं लिहा. सुरुवात मीच करते.

आमच्या बागेला बाजाराच्या अंगाला फाटक होतं, पण कायम कुलूपबंद. का, ते कुणालाच आठवत नव्हतं. मागचं फाटक उघडं असायचं, पण तिथवर जायला अख्खा वळसा. म्हणून दुपारी बाग ओस, आणि ओस बागेत एकटीदुकटी बाई पाऊल टाकत नाही. आम्ही सातजणींनी आठवडाभर आळीपाळीने बसून मोजलं. तासाला किती माणसं आत येतात, किती जण कुलूप बघून परत फिरतात, सगळ्याच्या खुणा एका वहीत केल्या. आधी दिलेल्या तीन अर्जांना उत्तर आलं नव्हतं. वही मात्र उद्यान विभागातल्या साहेबांनी पान पान उलटून पाहिली. तरीही कुलूप निघायला चार महिने गेले. आता बाजारात जाणारी माणसं बागेतूनच जातात, आणि पिशव्या टेकवून घटकाभर बसतात. वही आम्ही बंद केलेली नाही. दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजतो.

*

ताई, मोजणीचं अगदी पटलं. माझं चपलांचं दुकान आहे. आमच्या व्यापारी संघाचं वर्षानुवर्षांचं रडगाणं एकच: पार्किंगला जागा नाही, म्हणून गिऱ्हाईक येत नाही. एका शनिवारी मी दुकानांसमोरच्या गाड्या कुणाच्या ते बघत फिरलो. निम्म्याहून जास्त आमच्याच निघाल्या, मालकांच्या आणि कामगारांच्या. सकाळी लावलेली गाडी रात्रीच हलायची. सगळ्यात आधी मी माझी गाडी मागच्या गल्लीत लावायला लागलो. बाकीचे वळायला वर्ष गेलं.

दुसरा तिढा वर्गणीचा. देणारे ठरलेले, उजेडात आणि स्वच्छ रस्त्यावर धंदा करणारे सगळेच. टोरांटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेजमध्ये दुकानदारांनी यावर जो मार्ग काढला तो मला फार मोलाचा वाटतो. मॉलमुळे गिऱ्हाईक आटत होतं. १९७० साली तिथे जगातलं असं पहिलं मंडळ उभं राहिलं. हद्दीतल्या प्रत्येक धंद्यावर जादा आकार, वसुली पालिकेची, आणि पैसा त्याच रस्त्यासाठी परत दुकानदारांच्या मंडळाकडे. चुकवायला वावच नाही. आमच्या हाती कायद्याचा तसा आधार नव्हता. आम्ही एवढंच केलं, की महिन्याचा जमाखर्च रस्त्यावरच्या फळ्यावर लावायला लागलो, दिव्याच्या एका बल्बसकट. जे देत नव्हते त्यांतले बरेच तो वाचून आपणहून आले.

*

माझा अनुभव वाईट आहे, पण लिहिते.

एका सकाळी आम्ही साठ रोपं लावली. पाहुणे आले, फोटो निघाले. वर्षाने नऊ उरली. पाणी घालायची जबाबदारी ‘सगळ्यांची’ होती, म्हणजे कुणाचीच नव्हती. काही रोपं आम्ही फार खोल लावली होती, खोडाचा तळ मातीत बुडून कुजला. पदपथाकडेच्या रोपांभोवती नंतर फरशी घालणाऱ्यांनी खोडापर्यंत सिमेंट ओतलं.

मी खूप रडले होते तेव्हा. दुसऱ्या खेपेला बाराच लावली. प्रत्येक झाड एका घराकडे किंवा दुकानाकडे, नाव वहीत. पहिली दोन-तीन वर्षं, मुळं खोल जाईपर्यंत, पाणी चुकवायचं नाही हे आधीच कबूल करून घेतलं. बागेतला पालापाचोळा जाळणं बंद करून तोच बुंध्याभोवती पसरला, मात्र खोडाला टेकू न देता. तिसऱ्या वर्षी पिंजऱ्याच्या तारा खोडात रुतायच्या आत कापल्या. दहा जगली आहेत. पहिल्या साठांपेक्षा मला ह्या दहांचा अभिमान जास्त आहे.

*

आमच्याकडे दोन बैठका झाल्या. दोन्हींत फक्त नवी कमान कशी असावी यावर बोलणं झालं. तिसरी बैठक झालीच नाही. कमान आहे.

*

बाकांबद्दल लिहितो. ‘नको ती माणसं झोपतात’ म्हणून आमच्या बागेतले बाक उचलून नेले होते. झोपणारे गेले नाहीत, ते गवतावर झोपायला लागले. यायच्या बंद झाल्या त्या गुडघे दुखणाऱ्या आज्या. न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कने याच्या उलट वाट धरली होती. विल्यम व्हाइट या अभ्यासकाने तिथे निरीक्षण करून सांगितलं, की बाग रस्त्यापासून तुटलेली आहे, तीच खरी अडचण. १९९२ मध्ये ती नव्याने उघडली तेव्हा दृष्टी अडवणारी झुडपं काढलेली होती, वाटा मोकळ्या होत्या, आणि कुणीही उचलून हवी तिथे न्यावी अशा सुट्या खुर्च्या होत्या.

सुट्या खुर्च्या आम्हाला जमल्या नाहीत. कुंपण कंबरेइतकं छाटलं, बाक परत आणले. दिव्यांसाठी निधी मागायला निघालो होतो, तेवढ्यात एका मावशींनी वर बोट दाखवलं. दिवे होतेच, फांद्यांत बुडालेले. परवानगी काढून फांद्या विरळ केल्या आणि वाट उजळली.

*

मी पदपथावर बसून किल्ल्या बनवून देतो. मुलीला सांगून लिहवून घेतो आहे.

सुशोभीकरण झालं तेव्हा पहिल्यांदा आम्हाला उठवलं. बैठकीला कुणी बोलावलं नव्हतं. आठ महिने मी दुसरीकडे बसलो, धंदा निम्म्यावर आला. त्या काळात माझा कोपरा मोकळा होता, पण तिथे रात्री दारूच्या बाटल्या पडायला लागल्या. मी सकाळी सात ते रात्री नऊ तिथे असतो. कुणाचं मूल हरवलं, कुणाला भोवळ आली, तर पहिलं मला दिसतं. शेवटी दुकानदारच म्हणाले, परत या. चालणाऱ्यांसाठी वाट सोडून पट्टा आखून दिला, मी तो ओलांडत नाही. बागेचं शौचालय बंद असायचं, त्याची किल्ली आता माझ्याकडे आहे. बायका मागायला संकोचतात, म्हणून सकाळी आल्याबरोबर मीच उघडून ठेवतो.

*

मी वरचा चपलांच्या दुकानाचा. दादा, तुमचं वाचून एक गोष्ट लिहावीशी वाटली, मघाशी टाळली होती. रस्ता सुधारला, गिऱ्हाईक वाढलं, आणि भाडी चढली. माझं दुकान स्वतःचं आहे, मला झळ लागली नाही. शेजारचे शिंपी भाड्याने होते. झाडांना पाणी घालण्यात ते सगळ्यांच्या पुढे, वर्गणी कधी चुकवली नाही, आणि करार संपल्यावर त्यांनाच जावं लागलं. कामाला लागलो तेव्हाच मालकांना समोर बसवून भाड्याचं बोलायला हवं होतं, ते आम्हाला सुचलं नाही. पुढच्या महिन्यात आणखी दोघांचे करार संपतायत. त्यांच्या मालकांना मी भेटायला जातोय. कुणी असं बोलणं केलं असेल, तर काय म्हणालात ते सांगा.