झोंबीची साथ आली तर कोकणातले वन्यजीवन बहरेल की उजाड होईल?

खाडीकाठ : माणसांना झोंबी बनवणारी साथ आली तर निसर्ग मोकळा श्वास घेईल, हे गृहीतक मला कोकणापुरते तरी पटत नाही. या काल्पनिक रोगाच्या सर्वांत जवळचा खरा रोग म्हणजे रेबीज. त्याचा विषाणू मेंदूपर्यंत पोहोचतो, लाळेत उतरतो, चाव्यातून पुढे जातो आणि केवळ सस्तन प्राण्यांना ग्रासतो. झोंबीचा संसर्ग तसाच असेल, तर गावकुत्री, खाजणातले कोल्हे आणि कुत्री उचलणारा बिबट्या हे क्रमाने त्यात सापडतील. प्रेतांचा फडशा पाडणारी गिधाडे असती तर साखळी तुटली असती. परंतु गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने ती १९९० च्या दशकापासून संपत गेली, आणि त्यावर बंदी आली २००६ मध्ये. आज ते काम कुत्री-कोल्हेच करतात, म्हणजे संसर्गाला वाट मोकळीच आहे.

सुरंगी : मी सहमत नाही. १९८६ च्या अणुभट्टीच्या स्फोटानंतर चेर्नोबिलचा परिसर ओस पडला आणि किरणोत्सर्ग असूनही तिथे लांडगे व रानडुकरे वाढली. आपल्याकडे यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तेवढीच मासळीला उसंत. ट्रॉलर कायमचे किनाऱ्याला लागले तर समुद्र किती भरून येईल याचा विचार करावा. खारबंधारे फुटून शेतांत भरतीचे पाणी शिरले की तिवरे, म्हणजे खारफुटीची झाडे, आपणहून परततात, हे पडीक खारजमिनींवर आजही दिसते.

खाडीकाठ : समुद्राचे म्हणणे मान्य आहे. मात्र चेर्नोबिलमधून माणसे बाहेर नेली होती. इथे ती चावत फिरणार आहेत. शिवाय वेळास-आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी ग्रामस्थ पहाटे शोधून कुंपणात नेऊन पुरतात, म्हणून ती कुत्र्या-कोल्ह्यांपासून वाचतात. ही राखण थांबली तर त्या घरट्यांचे काय होईल?

सुरंगी : कासवे आपल्या राखणीच्या कितीतरी आधीपासून या वाळूत येत आहेत. कुत्री वाढली ती आपल्या उकिरड्यांवर आणि मासळीबाजारांच्या घाणीवर. ते आटले की त्यांची संख्याही उतरेल.

दोडामार्गचा वाचक : आपण दोघेही केवळ चाव्याचाच विचार करीत आहात. आमच्याकडे २०१६ मध्ये माकडताप आला, तो गोचिडीमुळे पसरतो आणि त्यात माकडेही दगावतात. झोंबीच्या विषाणूला असा वाहक मिळाला, तर गाव रिकामे झाल्यावरही तो रानात टिकून राहील.

सुरंगी : हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तिवरांबद्दल आणि मासळीबद्दल मी ठाम आहे; माकडे, कोल्हे आणि बिबटे यांच्याबद्दलचे माझे म्हणणे मागे घेते.