बाबांचा लिव्हर कॅन्सर: वजन जवळपास तेवढंच पण अंगातले मसल्स गेले, काय करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आत्तापर्यंत फक्त वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

बाबा ६४ वर्षांचे, आईबरोबर कराडजवळ गावी असतात. मी पुण्यात. डायबेटिस जुना. माळकरी आहेत त्यामुळे दारूचा थेंब नाही, हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही निगेटिव्ह. फॅटी लिव्हर मात्र प्रत्येक सोनोग्राफीत यायचं आणि प्रत्येक वेळी "हे आजकाल सगळ्यांनाच असतं" म्हणून फाइल बंद व्हायची. मग सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं) निघालं आणि त्यातच गाठ. ऑपरेशन झेपेल असं लिव्हर नाही म्हणून टेस केलं, म्हणजे मांडीतून नळी नेऊन गाठीच्या रक्तवाहिनीत औषध सोडून ती बंद करतात ते. गाठ बरीचशी मेलीये, एएफपी (रक्तातली ह्या कॅन्सरची खूण) पण उतरलं, घरी पेढे वाटायचेच बाकी होते.

फॉलोअपला डॉक्टरांनी सिटी लावला, गाठीचं बोलून झालं, आणि मग मणक्याच्या दोन्ही बाजूंचा करडा भाग पेनाने दाखवून म्हणाले की आता मला गाठीपेक्षा ह्याची काळजी वाटते, मसल फार कमी आहे, पोटात आत चरबी आहे आणि मसलमध्ये पण चरबी शिरलीये, अशा पेशंटचं पुढचं अवघड जातं. कागदाच्या कोपऱ्यात "एल ३ - १२१" असं लिहून दिलं आणि पुढचा पेशंट आत आला. मी बाहेर येऊन कागद बघत बसले.

आता गंमत अशी की आजाराआधी वजन ७४ होतं, आत्ता ७२ आहे. उंची १६६ सेमी. काका म्हणतात दोनच किलो गेले, उलट बरंच झालं, साखर आटोक्यात राहील. पण मी बघतेय ना, कानशिलं आत गेलीत, घड्याळ मनगटावरून घसरून कोपराकडे जातं, मोजा काढला की घोट्यावर खोल वळ राहतो आणि भजनाला खाली बसले की उठताना खांब धरावा लागतो. पोटात थोडं पाणी आहे असं रिपोर्टमध्ये पण आहे.

अजून एक. मागे एकदा ते गोंधळल्यासारखे वागायला लागले होते, रक्तातला अमोनिया (लिव्हर एरवी साफ करतं तो विषारी पदार्थ) वाढला म्हणाले, तेव्हा एका ठिकाणी फाइलवर "प्रोटीन बंद" लिहून दिलं. ते परत कोणी खोडलंच नाही! आई आजतागायत ते इमानेइतबारे पाळते. वरणाचं वरचं पाणी, मऊ भात, दुधी. संध्याकाळी सातला जेवण आणि मग थेट सकाळी आठला चहा. वर सोमवार आणि एकादशी आहेतच.

तर त्या १२१ चा अर्थ काय, मसलचा आणि आयुष्याचा खरंच एवढा संबंध असतो का, आणि खायला नक्की काय द्यायचं? डायटिशियनची अपॉइंटमेंट मिळायला वेळ आहे. कोणी ह्यातून गेलं असेल तर प्लीज लिहा.

डार्करूम:
ताई, मी रेडिओलॉजीत टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा. एल ३ म्हणजे कमरेचा तिसरा मणका. त्या लेव्हलच्या एकाच स्लाइसवर पाठीचे, पोटाचे सगळे स्नायू मिळून किती चौरस सेंटिमीटर भरतात ते सॉफ्टवेअरवर मोजतात. १२१ हा तो आकडा असणार. त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, तुमच्या बाबांचं १.६६ गुणिले १.६६ म्हणजे २.७६ धरा, उत्तर साधारण ४४. अमेरिकेत सिरॉसिसच्या पुरुषांना ५० च्या खाली कमी म्हणतात, जपानमध्ये लिव्हरवाल्या डॉक्टरांनी ४२ ठेवलंय. म्हणजे एका हिशोबाने कमी, दुसऱ्या हिशोबाने काठावर. आकड्यावरून जीव घाबरा करू नका. पण नेहमीच्या रिपोर्टमध्ये हे कोणी मोजून लिहीत नाही, तुमच्या डॉक्टरांनी मुद्दाम बघितलं म्हणजे माणूस बारकाईने काम करणारा आहे, त्यांना सोडू नका. पुढच्या सिटीला पण हाच आकडा मागा, खरी माहिती दोन आकड्यांतल्या फरकात असते. आणि बाजारात ते पाय ठेवून मसल पर्सेंट सांगणारे वजनकाटे मिळतात त्यावर पैसे घालवू नका, अंगात पाणी असलं की ते काहीच्या काही दाखवतात.

चतकोर_भाकरी:
मी डायटिशियन, लिव्हरचे पेशंट रोज बघते. इथलं वाचून औषधं बदलू नका, बाकी लिहिते.

आधी ते ७२ विसरा. पोटात थोडं पाणी असेल तर ढोबळ हिशोबात ५ टक्के वजा करतात, पायाला सूज असेल तर अजून ५. म्हणजे बाबांचं खरं वजन ६५ च्या आसपास. दोन नाही, नऊ किलो गेलेत, पाण्याने ते झाकलेत. काकांना हे नक्की सांगा.

आयुष्याशी संबंध आहे का, तर हो आहे. टोकियोच्या डॉक्टरांनी लिव्हर कॅन्सरच्या १२५७ पेशंटचे सिटी तपासून २०१५ मध्ये पेपर काढला होता, त्यात कमी मसल, मसलमधली चरबी आणि पोटातली चरबी ह्या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या धरल्या तरी मृत्यूच्या जास्त धोक्याशी जोडलेल्या निघाल्या. त्यानंतर ऑपरेशन, टेस, गोळ्या अशा सगळ्या प्रकारच्या पेशंटमध्ये असंच दिसत आलंय. पण ही सरासरी आहे. गाठ केवढी आणि लिव्हर किती चालतंय ह्याचं वजन अजूनही सगळ्यात जास्त. आणि मसल वाढवलं की तेवढं आयुष्य वाढतं हे अजून तितकं पक्कं सिद्ध झालेलं नाही. मी तरी पेशंटच्या मागे का लागते, तर मसल असलेला माणूस पुढची ट्रीटमेंट सोसतो, इन्फेक्शनमधून उठतो, आणि स्वतः उठून बाथरूमला जातो.

आता ते "प्रोटीन बंद". हे जुनं शास्त्र आहे हो, अजून फाइलींवर दिसतं आणि माझं डोकं फिरतं. लिव्हर थकलं की अमोनिया पकडायचं बरंचसं काम स्नायूच करतात. प्रोटीन तोडलं की स्नायू झिजतात, मग अमोनिया अजून वाढतो. बार्सिलोनात २००४ मध्ये गोंधळलेल्या पेशंटनाच नेहमीएवढं प्रोटीन देऊन बघितलं, काही बिघडलं नाही, कमी दिलेल्यांच्या अंगातलंच प्रोटीन जास्त तुटलं. आज युरोपातल्या गाइडलाइन सांगतात किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम. बाबांना रोज ८० ते ९५. डॉक्टरांकडून ती ओळ लिहून खोडून घ्या, नाहीतर आईंना पटणार नाही.

माळकरी म्हणजे अंडं बाद. मग वाटीभर घट्ट वरण (वरचं पाणी नव्हे) ६-७ ग्रॅम, कपभर दूध तेवढंच, १०० ग्रॅम पनीर १८ च्या आसपास, ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या २५ च्या वर. पिठलं, मुगाचं धिरडं, उसळ, सातूचं पीठ दुधात. शाकाहारी प्रोटीन लिव्हरला उलट सोयीचं, पोट पण साफ राहतं. लोणचं, पापड, फरसाण बंद, मिठामुळे पाणी धरतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सात ते आठ हे तेरा तास. सिरॉसिसच्या लिव्हरमध्ये साखरेचा साठाच नसतो, त्यामुळे एका रात्रीत शरीर तुमच्याआमच्या दोन-तीन दिवसांच्या उपाशीपोटी अवस्थेला पोचतं आणि स्नायू मोडून खातं, घरात सरपण संपल्यावर दाराच्या फळ्या चुलीत घालाव्यात तसं. झोपताना साडेनऊ-दहाला काहीतरी द्याच. न्यूझीलंडमध्ये एका गटाला तेच सप्लिमेंट दिवसा आणि दुसऱ्याला रात्री देऊन बघितलं होतं, अंगातलं प्रोटीन वाढलं ते रात्रीच्या गटात. अर्धी भाकरी आणि दूध, किंवा सातू. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन त्याप्रमाणे जुळवायला डॉक्टरांना आधी सांगा.

निसर्गमित्र_६७:
गुळवेलीचा काढा रोज अनशापोटी. लिव्हर धुऊन निघतं. आमच्या मेव्हण्यांना गुण आला.

डार्करूम:
काका, रागावू नका पण सिरॉसिसवाल्याला हे नको. २०२१ मध्ये मुंबईच्याच लिव्हर डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या पेशंटची नोंद छापली होती. आयुष मंत्रालयाला ते पटलं नव्हतं, वाद झाला होता, पण ज्याचं लिव्हर आधीच अर्धं गेलंय त्याच्यावर प्रयोग कशाला?

बाकी ते "सगळ्यांनाच असतं" वाचून आठवलं. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडचे मित्र डॉ. युडकिन ह्यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट ह्या मेडिकल जर्नलमध्ये आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सेम, २२.३. अंगातली चरबी मात्र साहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२! आपला बांधाच असा, वरून सडपातळ, आत चरबी आणि मसल मुळातच बेताचं. त्यात आजार आला की गंगाजळी लगेच संपते.

कृष्णाकाठची_लेक (धागाकर्ती):
सगळ्यांचे खूप आभार. नऊ किलोचं ऐकून आई गप्पच झाली, रात्री तिनेच भाकरी-दूध दिलं. पण गाडी एकादशीवर अडलीये. सोमवार सोडायला बाबा तयार आहेत, एकादशी नाही म्हणजे नाही. आणि चालायला न्यायचं का, की आराम हवा?

चतकोर_भाकरी:
एकादशी मोडायला लावू नका, वाद घातला की दुसऱ्या दिवशी पण जेवत नाहीत. निरंकार नको एवढंच कबूल करून घ्या. साबुदाण्यात प्रोटीन नावालाच, त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, भगर आणि दाण्याची आमटी, मीठ बेताने, दही, पनीर, दूध. तीन-चार तासांनी काहीतरी पोटात, आणि झोपताना दूध-राजगिरा. चालतं हे उपासाला.

आराम नको, आरामाने मसल अजून जातं. पण आधी सांगा एंडोस्कोपी झालीये का? अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा असतील तर वजन उचलायला लावायचं नाही.

कृष्णाकाठची_लेक:
झालीये, शिरा होत्या, बँडिंग केलं, म्हणजे रबराचे बँड लावून त्या बंद केल्या. परत बघायला बोलावलंय.

चतकोर_भाकरी:
मग ते होईपर्यंत डंबेल वगैरे नाही. डॉक्टरांना विचारून जेवणानंतर अंगणात चालणं, आणि खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, सकाळ-संध्याकाळ जमेल तितक्या वेळा, आईंनी शेजारी उभं राहायचं. हाताच्या पकडीचा जोर मोजायचं यंत्र फिजिओकडे असतं, पुरुषांना २८ किलोच्या खाली कमी धरतात, तो आकडा आत्ताच घेऊन ठेवा. वजन रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर एकाच काट्यावर. दोन-तीन दिवसांत किलो-दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे, लगेच फोन करायचा. आणि परत गोंधळल्यासारखे वाटले किंवा रात्री जागे-दिवसा झोप असं सुरू झालं तर वरण बंद करू नका, आधी पोट साफ होतंय का आणि लॅक्टुलोज (पोट साफ ठेवून अमोनिया कमी करणारं औषध) चुकलंय का ते बघा आणि त्याच दिवशी दाखवा.