नाईट शिफ्टमधली भूक पोटाची की झोपेची? मदत हवी आहे

मंडळी, मी महापेला नाईट करतो, राहायला कोपरखैरणेला. रात्री भाकरी-भाजी, वरणभात असं दाबून जेवून निघतो तरी अडीच-तीनला अशी कडकडून भूक लागते की पाय आपोआप गेटबाहेरच्या भुर्जी-पावच्या गाडीकडे वळतात. सोबत नेलेलं सफरचंद बॅगेतच राहतं, तेव्हा चमचमीतच लागतं. आणि सकाळी घरी आल्यावर आई गरम पोहे पुढ्यात ठेवते तर घास उतरत नाही. आई म्हणते तुला भस्म्या झालाय. सकाळी रजेवर जाणारा भस्म्या मी तरी ऐकला नाही!

शुगर, थायरॉईड नॉर्मल. डॉक्टर म्हणाले वेळेवर जेवत जा. कुठल्या वेळेवर ते नाही सांगितलं.

नेटवर वाचलं की चरबीतून निघणारं लेप्टिन मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला साठा पुरेसा आहे असं कळवतं आणि जठरातलं घ्रेलिन भूक चाळवतं. २००४ मध्ये शिकागोला १२ तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर दहा तास झोपले होते त्या वेळेपेक्षा लेप्टिन १८ टक्के कमी आणि घ्रेलिन २८ टक्के जास्त निघालं. माझी दिवसाची झोप म्हणजे खाली भंगारवाला आणि वर ड्रिलिंग, त्यामुळे हेच कारण वाटतं. पण घ्रेलिन रोजच्या खायच्या वेळेआधी सवयीनेही वाढतं म्हणे, मग तीनचं खाणं बंद करून थोडे दिवस कळ काढली तर सुटेल का? ऐरोली-रबाळे पट्ट्यातले नाईटवाले काय करता?

प्रतिसाद:
दोन्ही असणार. पोह्यांचं म्हणशील तर शरीराच्या घड्याळानुसार भूक सकाळी आठच्या आसपास सगळ्यात कमी असते आणि रात्री आठच्या आसपास सगळ्यात जास्त, त्यामुळे आईंना सांग पोरगं ठीक आहे. एकदम उपास नको करूस, चारला झोप अनावर झाली की दुप्पट हाणशील. मी रबाळेला असताना एक-दीडलाच, भूक पेटायच्या आत, मटकीची उसळ नाहीतर उकडलेली अंडी खायचो, प्रोटीनने पोट जास्त वेळ भरल्यासारखं राहतं. आणि बसून, सावकाश. आतड्यातून निघणारं कोलेसिस्टोकायनिन व्हेगस नर्व्हमधून मेंदूला 'पुरे' कळवतं पण त्याला वेळ लागतो, गाडीवर उभ्याने तोवर चार पाव संपलेले असतात. आधी खिडकीला जाड पडदे लाव.

धागाकर्ता:
पडदे आजच बघतो. उसळ दीडपर्यंत आंबत नाही का? आमच्या पँट्रीतला फ्रीज बंद आहे.