हत्तीरोगाच्या गोळ्या: घरात कोणालाच नाहीये, तरी खायच्या का?

नागपूर_ग्रामीण:
आज आशाताई तीन प्रकारच्या गोळ्या घेऊन आल्या आणि माझ्यासमोरच खा म्हणून अडून बसल्या. आमच्या घरात कोणाचाच पाय सुजलेला नाही, मग कशाला? बाबा म्हणतात मागे गोळी खाऊन गावात लोकांना चक्कर आली होती. आणि रक्त घ्यायला हे लोक रात्रीच का फिरतात? जेवण झालं नाही सांगून उद्या या म्हटलंय.

लॅबवाला_वर्धा:
रात्रीचं सांगतो. हत्तीरोग ज्यांच्यामुळे होतो ते मोठे जंत लसिकावाहिन्यांत (अंगातलं लसिका नावाचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत) बसतात, पण त्यांची पिल्लं म्हणजे मायक्रोफायलेरिया रात्री रक्तात उतरतात, दिवसा फुप्फुसातल्या बारीक नसांमध्ये दडून असतात. क्युलेक्स डास पण रात्रीच चावतो, जंताने बरोबर त्याचं टायमिंग धरलंय. म्हणून तपासायची रक्ताची स्लाइड रात्री ८ नंतरच. आणि पाय सुजायला कित्येक वर्षं लागतात हो, तोवर माणूस ठणठणीत दिसतो आणि डासांमार्फत गावाला वाटत राहतो, गोळ्या खरं तर त्याच्यासाठीच आहेत, सुजलेला पाय त्याने उतरत नाही.

मिसळपाव७:
तीन गोळ्या म्हणजे आयव्हरमेक्टिन, डीईसी (डायइथिलकार्बामाझिन), अल्बेंडाझोल, तिन्ही जंतांवरची औषधं. आधी दोनच असायच्या. पापुआ न्यू गिनीमध्ये ट्रायल झाली, २०१८ ला छापून आली, तिन्ही एकत्र एकदाच दिल्या तर वर्षभरानंतरही ९६ टक्के लोकांच्या रक्तात पिल्लं नव्हती, दोनवाल्यांत फक्त ३२ टक्के. त्यानंतर भारतात ज्या मोजक्या जिल्ह्यांत हे आधी सुरू झालं त्यात आपलं नागपूर होतं. चक्कर, ताप येतो तो बहुतेक वेळा पिल्लं मरतात त्याचा, म्हणजे ज्याला त्रास झाला त्याच्या अंगात बहुधा जंत होते. एकदोन दिवसात जातो.

गटारग्रस्त:
गोळ्या वाटा खुशाल पण आमच्या गल्लीतली नाली कोण उपसणार? क्युलेक्स घाण पाण्यातच वाढतो. निदान संडासाच्या टाकीच्या पाइपला जाळी बांधा राजेहो, जुनी ओढणी पण चालते.

नागपूर_ग्रामीण:
बरं, खातो मग. पण आजी ७८ ची आहे, बीपीची गोळी चालू, आणि पुतण्या दीड वर्षाचा.

लॅबवाला_वर्धा:
पुतण्याला नाही, दोन वर्षांखाली देत नाहीत. गरोदर बाई आणि खूप आजारी माणूस पण नाही. आजीचं बीपी कंट्रोलमध्ये असेल तर चालतं, तरी ताईंना आधी सांगा. पाच वर्षांखालच्या पोरांना आयव्हरमेक्टिन देत नाहीत, बाकीच्यांना ते उंचीवर देतात, म्हणून ती काठी घेऊन येतात. उद्या फक्त जेवून बसा सगळे.